भावाची बोटं प्रेसमध्ये गेली, कंपनी भरपाई नाकारते आहे. पुढे काय करता येईल?

सिडकोची_लेक

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

माझा धाकटा भाऊ, वय ३०, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून ऑपरेटर होता. पगार महिना १४,०००, बँकेत जमा व्हायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये सेकंड शिफ्टला त्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट पॉवर प्रेसखाली गेलं, दोन्ही मुळापासून. या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो, म्हणजे हात डायमध्ये (पत्रा कापणाऱ्या साच्यात) राहूच शकत नाही. पण त्यांच्या लाइनवर एक बटण चिकटपट्टी लावून कायम दाबलेलं ठेवायचे. एका हाताने पत्रा लावायचा, दुसऱ्याने बटण मारायचं, तासाचा आकडा वाढतो. सुपरवायझर रोज समोरून जायचा, त्याला हे माहीत होतं.

आता कंपनीचं पत्र आलंय: हा कामगार आमचा नाही, ठेकेदाराचा आहे, आणि सुरक्षा यंत्रणा त्याने स्वतःच निकामी केली, म्हणून आमच्यावर जबाबदारी नाही. विमा कंपनीनेही क्लेम नामंजूर केला. ठेकेदाराने सुरुवातीला दवाखान्याचं बिल भरलं, वर २५,००० दिले आणि एका कागदावर सही घेतली. त्यात "पूर्ण व अंतिम, यापुढे काही मागणार नाही" असं लिहिलंय. भाऊ तेव्हा पट्ट्या बांधून पडलेला होता, सही डाव्या हाताची आहे.

घरी दोन लहान मुलं आहेत. कंपनी नाही म्हणाली म्हणजे विषय संपला का? कुणाकडे जायचं?

---

फिटर_अंबड

ताई, वाचून फार वाईट वाटलं. मी याच पट्ट्यात मेंटेनन्स करतो, बटणाला पट्टी लावलेल्या मशिनी मी पाहिल्यात. एक सांगतो, त्या लाइनवर काम करणाऱ्या पोरांचे नंबर आत्ताच लिहून ठेवा. ठेक्यावरची मुलं टिकत नाहीत. आज अंबडला असतात, सहा महिन्यांनी सिन्नरला किंवा थेट गावी. नंतर साक्षीदार शोधत फिरावं लागतं.

---

कायद्याचं_बोला

विषय अजिबात संपलेला नाही. कंपनीचं पत्र हे फक्त कंपनीचं म्हणणं आहे, विमा कंपनीचं पत्र हे विमा कंपनीचं. दोन्हींना निकालाची किंमत नाही. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ प्रमाणे भरपाई द्यायची का आणि किती, हे याच कायद्याखाली नेमलेला आयुक्त ठरवतो. आपल्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच हे काम पाहतात. अपघात जिथे झाला तिथे किंवा अर्जदार राहतो तिथे अर्ज करता येतो, तुमच्या बाबतीत दोन्ही नाशिकच.

आता कंपनीचा एकेक मुद्दा घेऊ.

"आमचा कामगार नाही." कलम १२ नेमकं याचसाठी आहे. मूळ कंपनीच्या धंद्याचं काम तिच्या जागेत ठेकेदाराच्या माणसाकडून करून घेतलं, तर भरपाई मूळ कंपनीने द्यायची. तिने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला हिशेब. कामगाराने दोघांच्या मध्ये चेंडूसारखं फिरायचं कारण नाही.

"यंत्रणा स्वतः निकामी केली." कलम ३ मध्ये असा अपवाद आहे, पण तो जाणूनबुजून केलेल्या कृत्यापुरता आहे. सुरक्षिततेसाठी बसवलेली गोष्ट कामगाराने माहीत असूनही मुद्दाम काढली, हे मालकाने सिद्ध करायचं असतं. नुसता निष्काळजीपणा झाला म्हणून भरपाई बुडत नाही. अख्ख्या लाइनवर हाच प्रकार सुपरवायझरसमोर चालत असेल तर हा बचाव टिकणं अवघड आहे. कामगाराचा मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं, तर मालकाला हा अपवाद वापरताच येत नाही.

"पूर्ण व अंतिम" कागद. कलम १७ प्रमाणे कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा करार निरर्थक ठरतो. तडजोड करायची तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा दबावाने सही घेतल्याचं दिसलं तर ते नोंदणी नाकारू शकतात. मिळालेले २५,००० मात्र लपवू नका, अर्जात लिहा.

मुदत अपघातापासून दोन वर्षं. योग्य कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका.

---

गोदाकाठ

वकीलसाहेबांचं सगळं खरं असेल, पण व्यवहार बघा. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलेलं आहे, प्रत्यक्षात वर्षं जातात. ठेकेदाराला बोलवा, चार जाणती माणसं बसवा, दीड-दोन लाखांत मिटवा. पोराला कुठेतरी वॉचमनचं काम लावून द्या. एमआयडीसीत नाव खराब झालं की पुन्हा गेटवर कुणी उभं करत नाही.

---

रिटायर्ड_युनियनवाला

गोदाकाठ, तुमची काळजी मनापासूनची आहे, पण दीड लाख हा आकडा कुठून काढला? मिटवायचं तरी हक्काची रक्कम किती ते माहीत हवं की नाही?

हिशेब मांडतो. कायमच्या अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. पगाराची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० आहे, १४,००० त्यात बसतात. म्हणजे ८,४००. वय ३० चा गुणांक २०७.९८. गुणाकार १७,४७,०३२ रुपये. ही शंभर टक्क्यांची रक्कम. परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेल्यास २० टक्के लिहिलेत, म्हणजे ३,४९,४०६. यावर १२ टक्के व्याज. मालकाने विनाकारण टाळाटाळ केली असेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, आणि हा दंड विमा कंपनी भरत नाही, मालकाला स्वतः भरावा लागतो. उपचाराचा खर्च वेगळा.

एक जुना निकालही सांगतो. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हे प्रकरण आलं होतं. कामगार सुतार होता, डावा हात गेला. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, त्यामुळे त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नाही, हेही त्याच निकालात आहे. वेळ लागतो म्हणून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, व्याज मागच्या तारखेपासून चढत असतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर युनियनचा पदाधिकारीही आयुक्तांपुढे बाजू मांडू शकतो, कायद्यात तशी सोय आहे.

पण ताई, या सगळ्याच्या आधी एक प्रश्न. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जायचा का? कंपनीत किती माणसं?

---

कायद्याचं_बोला

२० टक्क्यांच्या वर जाता येईल का, याबाबत मी जरा सावध आहे. त्या खटल्यात अख्खा हात गेला होता. दोन बोटांना शंभर टक्के मिळतील अशी आशा लावू नये. उजव्या हाताची पकड किती उरली, प्रेस ऑपरेटर म्हणून तो काम करू शकतो का, यावर डॉक्टरची साक्ष नोंदवली तर २० पेक्षा जास्त मागता येईल, इतकंच.

ईएसआयचा प्रश्न मात्र बरोबर विचारलात. तो मीच आधी विचारायला हवा होता.

---

सिडकोची_लेक

सगळ्यांचे आभार. आज जरा धीर आला.

ईएसआय कापला जात नव्हता. पगाराची स्लिपच मिळायची नाही. कंपनीच्या कायम माणसांचा कापतात, त्यांच्याकडे ईएसआयचं कार्ड आहे. सगळे मिळून साठ-सत्तर जण असतील. ठेकेदाराची आठ-नऊ मुलं, त्यांचं काहीच नाही.

---

रिटायर्ड_युनियनवाला

मग हे प्रकरण वेगळं वळण घेतंय, नीट ऐका.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ईएसआय लागू होतो आणि २१,००० पर्यंत पगाराचा प्रत्येक जण त्यात येतो. ठेकेदाराच्या माणसांची वर्गणीसुद्धा पहिल्यांदा मूळ कंपनीने भरायची असते, ईएसआय कायद्याचं कलम ४०. वर्गणी भरली नाही हा मालकाचा गुन्हा आहे, त्यापायी कामगाराचा हक्क जात नाही. कायद्यात विमाधारकाची व्याख्याच "ज्याची वर्गणी भरली आहे किंवा भरायला हवी होती" अशी आहे. ईएसआय महामंडळाने कामगाराला लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा.

---

कायद्याचं_बोला

अगदी बरोबर, आणि म्हणून माझ्या पहिल्या प्रतिसादाला मोठी पुरवणी. ईएसआय लागू असेल तर कलम ५३ प्रमाणे त्याच अपघातासाठी १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. भारगथ इंजिनिअरिंगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हेच सांगितलं: कामगाराची नोंदणी झालेली नव्हती तरी वर्गणी देय होती, म्हणून तो विमाधारक ठरतो. आयुक्तांपुढे वर्षभर तारखा करायच्या आणि मग कंपनीने उठून "हा तर ईएसआयमध्ये येतो" म्हणायचं, असं झालेलं मी पाहिलंय.

ईएसआयमध्ये मिळतं काय? कामावर जाता येत नव्हतं त्या काळासाठी पगाराच्या साधारण ९० टक्के. त्यानंतर वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम, आयुष्यभर. २० टक्के धरले तर ढोबळमानाने १४,००० चे ९० टक्के म्हणजे १२,६००, त्याचे २० टक्के २,५२० महिना. तीस वर्षांच्या माणसाला आयुष्यभर ही रक्कम मिळणं म्हणजे एकरकमी साडेतीन लाखांपेक्षा कमी नाही. शिवाय सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये उपचार.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम ५१-ब. कामगाराने एखादा नियम किंवा हुकूम मोडून काम केलं, पण ते मालकाच्याच धंद्यासाठी केलं असेल, तर तो अपघात कामाच्या ओघातलाच धरला जातो. पट्टी लावलेल्या बटणाचा कंपनीचा सगळा बचाव इथे गळून पडतो.

---

गोदाकाठ

आयुष्यभर महिन्याला पैसे, हे मला माहीत नव्हतं. मग दीड लाखात मिटवा म्हणणं खरंच चुकीचं ठरेल. पण ईएसआयवाले "नोंद नाही" म्हणून हाकलणार नाहीत का?

---

रिटायर्ड_युनियनवाला

काउंटरवर तोंडी म्हणतील. म्हणून तोंडी जायचंच नाही. लेखी अर्ज, पोच घेऊन. अर्जात कंपनीचं नाव, पत्ता, ठेकेदाराचं नाव, कामाला लागल्याची तारीख, अपघाताची तारीख आणि शिफ्ट. सोबत बँकेचं पासबुक, गेटपास असेल तर तो, आणि कंपनीचं ते नकाराचं पत्र. त्या पत्रात "कामगार ठेकेदाराचा आहे आणि अपघात मशीनवर झाला" असं कंपनीनेच लिहून दिलंय. नाकारण्याच्या नादात त्यांनी अर्धं प्रकरण तुमच्या बाजूने सिद्ध केलंय, ते पत्र जिवापाड जपा.

त्यातूनही नकार आला तर कर्मचारी विमा न्यायालय आहे, तीन वर्षांच्या आत तिथे जाता येतं. टक्केवारी कमी वाटली तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण.

---

सिव्हिलची_नर्स

मी दवाखान्याच्या बाजूने लिहिते. ताई, भरती करतानाचा केसपेपर पाहिलात का? अपघात कसा झाला याची जी ओळ पहिल्या पानावर असते ती वाचा. ठेकेदाराचा माणूस पेशंटला घेऊन येतो तेव्हा पुष्कळदा तोच बोलतो. पेशंट वेदनेने अर्धमेला असतो.

---

सिडकोची_लेक

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता फाइल काढली. "घरी दारात बोटं सापडून इजा" असं लिहिलंय. माझे हातपाय गार पडले.

---

सिव्हिलची_नर्स

घाबरू नका. ती ओळ कुणाच्या सांगण्यावरून लिहिली, हे बऱ्याचदा तिथेच नोंदलेलं असतं, ते नाव बघा. आणि इजा स्वतःच बोलते. दारात सापडलेलं बोट चेंगरतं, नख जातं, हाड मोडतं. दोन बोटं मुळापासून एका रेषेत सपाट तुटणं दारात होत नाही. पूर्ण केसपेपर, एक्स-रे, ऑपरेशनची नोंद, सगळ्याच्या प्रती लेखी अर्ज करून मागा, त्या द्याव्याच लागतात. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडून इजेचं वर्णन लिहून घ्या, यंत्राने झालेली इजा आहे असं ते लिहू शकतात.

---

फिटर_अंबड

आणि कंपनीच्याच पत्रात "सुरक्षा यंत्रणा निकामी केली" आहे ना? घराच्या दाराला कुठली सुरक्षा यंत्रणा? दोघांनी दोन गोष्टी सांगितल्यात, एकमेकांना विचारलंच नाही.

अजून एक. कारखान्यातला असा अपघात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं तेव्हाच्या कारखाने कायद्याने बंधनकारक होतं. कळवला का ते माहितीच्या अधिकारात विचारा. कळवला नसेल तर तक्रार करा, निरीक्षक मशीन बघायला येतो. पण आज ती पट्टी काढलेली असेल हे नक्की, म्हणून पोरांकडे लाइनचा एखादा जुना फोटो, व्हिडिओ असेल तर मिळवा. शिफ्टमध्ये सेल्फी काढणारा एकतरी असतोच, मागे प्रेस दिसत असतो.

---

द्राक्षवाला_निफाड

धाग्याशी थोडं बाजूचं विचारतो. आमच्याकडे बागेत ट्रॅक्टरवर ब्लोअर लावून फवारणी करताना गेल्या हंगामात शेजाऱ्यांच्या माणसाचा हात पीटीओच्या (ट्रॅक्टरवरून ब्लोअरला फिरवणाऱ्या) शाफ्टमध्ये गेला. शेतमजुराला हा कायदा लागू आहे का? शेजारी म्हणतात शेतीला लागू नाही.

---

कायद्याचं_बोला

१९२३ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीकामातले कामगार आहेत. ब्लोअर फवारणी त्यात बसते. शेजाऱ्यांनी त्या माणसाला मदत करावीच, आणि पुढच्या हंगामाआधी मजुरांचा विमा उतरवावा. छाटणीला, फवारणीला माणसं लावणाऱ्या प्रत्येक बागायतदाराने हे करायला हवं.

---

द्राक्षवाला_निफाड

धन्यवाद. उद्याच त्यांच्या ओट्यावर जाऊन सांगतो. आणि शाफ्टला कव्हर बसवून घेतो, आमच्याही.

---

पपया_नर्सरी

या धाग्यावर इतकं कामाचं लिहिलं गेलंय की सल्ला देणाऱ्या सगळ्यांना माझ्याकडून मिसळ. तर्री झेपेल त्यांनीच यावं!

एक शंका. कामगार कायदे बदलले ना आता? चार संहिता आल्या. मग ही जुनी कलमं चालतील?

---

कायद्याचं_बोला

मिसळ मंजूर.

शंका रास्त आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२३ चा कायदा व ईएसआय कायदा दोन्ही तिच्यात सामावले. पण या भावाचा अपघात ऑगस्टमधला. हक्क अपघाताच्या दिवशीच निर्माण झाला, तो नवीन कायदा आल्याने पुसला जात नाही. त्यामुळे अर्जात जुन्या कायद्यांचीच कलमं टाका. नोव्हेंबरनंतर अपघात झालेल्यांनी मात्र संहितेची कलमं बघावीत. त्यात घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही विशिष्ट परिस्थितीत भरपाईला पात्र धरला आहे. पहाटे सिन्नर, गोंदे, ओझरला दुचाकीवर जाणाऱ्या हजारो लोकांच्या उपयोगाची गोष्ट आहे ही.

---

गोदाकाठ

मूळ प्रश्नावर येऊ. ताईंनी आता पहिलं पाऊल कुठलं टाकायचं? सल्ले खूप झाले, त्या बिचाऱ्या गोंधळतील.

---

रिटायर्ड_युनियनवाला

माझं मत: ईएसआयला अर्ज आधी, आणि त्यात कंपनी व ठेकेदार दोघांची नावं. त्याच आठवड्यात सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. औद्योगिक कामगाराला आणि अपंग व्यक्तीला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

---

कायद्याचं_बोला

सहमत, एक भर घालून. आयुक्तांकडच्या अर्जाची मुदत ऑगस्ट २०२७ पर्यंत आहे. ईएसआयने "हा कारखाना किंवा हा कामगार आमच्या कक्षेत नाही" असं लेखी दिलं, तर तेच पत्र जोडून लगेच आयुक्तांकडे अर्ज करायचा, त्यात कंपनी, ठेकेदार आणि विमा कंपनी तिघांना सामनेवाले करायचं. ईएसआयचं उत्तर येण्याची वाट बघायला हरकत नाही, पण येत्या दिवाळीपर्यंत लेखी काहीच आलं नाही तर आयुक्तांकडचा अर्ज टाकून ठेवा, मुदत हातची जायला नको. आयुक्तांच्या आदेशावर अपील मुंबई उच्च न्यायालयात, ६० दिवसांत, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. मालकाला अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते, त्यामुळे नुसतं ताणून धरण्यासाठी अपील करणं त्यांना सोपं नसतं.

---

सिडकोची_लेक

अर्ज लिहायला घेतलाय, उद्या पोच घेऊन येते. केसपेपरवर माहिती देणाऱ्याचं नाव सापडलं, ठेकेदाराच्या सुपरवायझरचं आहे. भावाच्या शिफ्टमधल्या एका मुलाने फोनवर सांगितलं की तो साक्षीला येईल. दुसरा घाबरतोय, कारण तो अजून तिथेच कामाला आहे. त्याच्यावर मी जोर करणार नाही.

नर्सताई, सर्जनना भेटायला जाताना कुठले कागद न्यायचे ते सांगाल का?

---

सिव्हिलची_नर्स

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे एक्स-रे, आणि भावाला सोबत न्या. हात बघितल्याशिवाय ते लिहून देणार नाहीत. सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आत पोचा, गर्दीत लिहून देण्याइतका वेळ त्यांना मिळत नाही.